मुठीखालचे नाव

तिने उत्तर दिले नाही, आणि मीही प्रश्न पुन्हा विचारला नाही.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिरप्या छताची एक खोली होती. तिथे माझे गटिंगचे, म्हणजे रॅकेटला तारा बसवायचे यंत्र मांडलेले होते आणि त्याच्या जबड्यात तिची तिसरी रॅकेट आडवी धरलेली होती. माझ्या हातात कात्री होती. बाहेरच्या कोर्टावर चेंडूचे ठोके पडत होते आणि ठोक्यागणिक आमच्या दोघांमधली शांतता तारेसारखी एकेक पौंडाने ताणली जात होती. ती यंत्रापलीकडे उभी होती. नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कात्रीच्या टोकावर होती.

प्रश्न साधा होता. खेळलेल्या रॅकेटच्या तारा एकमेकींना घासतात, जिथे भेटतात तिथे त्यांना खाचा पडतात. खेळाडू खोटे बोलेल, तार बोलत नाही. मंगळवारी मी या रॅकेटला नव्या तारा बसवल्या होत्या. आज शुक्रवार, आणि त्यांवर एकही खाच नव्हती. मी एवढेच विचारले होते, "हिला चेंडूच लागलेला नाही. मग कापायच्या कशाला?"

ती थायलंडची, वीस वर्षांची. सामन्यांच्या तक्त्यावर चानिसरा थोंगदी असे नाव होते, पण सगळे तिला नोक म्हणत. नोक म्हणजे पक्षी. त्यांच्याकडे प्रत्येकाला घरातले असे एक छोटे नाव असते, हे तिनेच पहिल्या दिवशी हसत सांगितले होते. मला ती 'पी' म्हणे. पी म्हणजे त्यांच्याकडचा दादा. आमचे सगळे बोलणे मोडक्या इंग्रजीत चाले. तिचे एका जागी मोडलेले असे, माझे दुसऱ्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मराठीत एम.ए. झालो होतो, प्राध्यापकीची वाट पाहत मामाच्या खेळसाहित्याच्या दुकानात गटिंग करत होतो. वडिलांनी सोलापुरात तीस वर्षे मागावर उभे-आडवे धागे एकमेकांत गुंफले. मीही तेच करत होतो, फक्त माझ्या चादरीतून आरपार दिसत असे. त्या डिसेंबरात शहरात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि आठवडाभरासाठी मला त्या खोलीत बसवण्यात आले.

"काप, पी," शेवटी ती म्हणाली. "आणि मुठीला हात लावू नकोस. ग्रिप जुनी आहे, चिकट आहे. तशीच राहू दे."

मी कापले. तारा सुटताना ती दर वेळी डोळे मिटून घेई, तसे तिने मिटले.

वातावरण हलके करावे म्हणून मी विचारले, "आज जिंकलीस. आता?"

"उद्या सेमीफायनल, परवा फायनल." तिने दोन बोटे वर केली. "दोन्ही जिंकले तर क्रमवारीत वर जाते. मग मेलबर्न, मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी. आमच्या संघटनेनं डिसेंबरपर्यंतच मुदत दिली आहे."

"आणि नाही जिंकलीस तर?"

"तर परत खोन केनला. मावशीचं हॉटेल." तिने कानाला न दिसणारा फोन लावला, मान कलती करून गोड आवाज काढला, "नमस्कार, खोली हवी का? डोंगर दिसणारी हवी? माफ करा, आमच्याकडे डोंगरच नाही."

मी हसलो. दारात तिची आई उभी होती. ती हसली नाही. डोक्यावर कापडी टोपी, हातात स्टीलचा थर्मास. मुलीच्या मनगटावर आणि रॅकेटच्या बॅगेवर तिनेच पांढरा दोरा बांधलेला होता. दोघी निघाल्या. तिसरी रॅकेट माझ्यापाशी राहिली, सकाळी न्यायची होती.

थोड्या वेळाने येमूल सर आले. हायस्कुलातून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. स्पर्धेची कागदपत्रे ते सांभाळत. खेळाडूंना शेंगाचटणीच्या पुड्या वाटून त्यांनी सगळ्यांना आपलेसे केले होते. मला मात्र ते कविराज म्हणत आणि त्यात आपलेपणा किती, थट्टा किती, हे कधी कळत नसे.

"काय कविराज, गेली का ती थाई पोरगी? आई तिची लई गोड बाई ओ. भातावर शेंगाचटणी घालून खाती."

"सर, ही रॅकेट बघा. खेळत नाही, पण गटिंग प्रत्येक वेळी नवं करून घेते. आणि म्हणते, मुठीला हात लावू नका."

"असं म्हणली?" त्यांनी रॅकेट तळहातावर तोलली. "मग लावायलाच पाहिजे की! काय तरी हाय बे मुठीत."

"असलं काय असणार?"

"तू कविता वाचतोस, मी पोरं बघितलीत," ते स्टुलावर बसले. "सोळा वर्षांखालची कबड्डी होती. एका संघाचा कॅप्टन माझ्याम्होरं उभा. मिसरूड नव्हं, पार मिशी! तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आली, कडेला लेकरू. मी इचारलं, ही कोण रे? तर म्हणतो, मावशी. आन ते लेकरू त्याला बगून 'पप्पा पप्पा' करतंय!"

दोघेही हसलो. हसणे संपले तेव्हा रॅकेट आमच्या दोघांच्या मध्ये पडलेली होती.

ग्रिप मी सोडवली, ती येमूल सरांनी सांगितले म्हणून नव्हे. कवितेने मला एक वाईट सवय लावली होती. कोणताही शब्द दिसला की त्याखाली दुसरा शब्द असणारच, असे मी धरून चालत असे. वरच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे भोळ्या माणसांचे काम. पट्टी उलगडत गेली, जुन्या घामाचा गोडसर वास आला आणि मुठीच्या फिकट पृष्ठभागावर काळ्या शाईतली अक्षरे उघडी पडली. रोमन लिपीत एक नाव होते, सोमजाय. त्याखाली त्यांच्या लिपीत एक छोटी ओळ.

"हे नाव तर तिचं न्हाई," येमूल सर हळूच म्हणाले.

कार्यालयातल्या संगणकावर त्यांनी ते नाव तिच्या आडनावासकट टाकले. सोमजाय थोंगदी, चौदा वर्षांखालील गट, कुठल्याशा आशियाई स्पर्धेत उपविजेती. त्यानंतर ओळ नाही, निकाल नाही. जिथे ते नाव बुडाले होते, त्याच्या वर्षभर पुढे दुसरे एक नाव पाण्यावर आले होते, चानिसरा थोंगदी.

"बहीण असेल," मी म्हणालो.

"बहिणीची रॅकेट असंल तर लपवती कशाला? सरळ हाय की. दवा घेतली, बंदी आली, नाव बदललं, परत आली. न्हाई तर वयाची भानगड. दोन्हीत एक."

"रेफ्रींना सांगायचं?"

"आधी खातरजमा कर. मी काय करायचो म्हाईत हाय? पाठीमागून खऱ्या नावानं हाक मारायची. लबाड माणूस तोंडानं गप ऱ्हाईल. पण त्याची मान गप ऱ्हात न्हाई."

ग्रिप मी पुन्हा गुंडाळली, काळजीने, एकेक वेढा मोजत. आपण काही चोरले आहे असे मला वाटले नाही. उलट काहीतरी सापडल्याचा, चांगली ओळ सुचावी तसा एक थंड आनंद छातीत होता.

संध्याकाळी घरी आई कडक भाकरी निखाऱ्याजवळ उभी करून ठेवत होती. मी ताटावर बसलो.

"आई, एकाच माणसाची दोन नावं असली, तर खरं कुठलं समजायचं?"

"माझ्यासारखी व्हय?" ती भाकरी उलटत म्हणाली.

"तुझं कुठे काय? मी म्हणतोय लपवलेलं नाव. कुणाला कळू न दिलेलं."

"तुला तरी कुठं कळलंय? ताटात तांदूळ पसरून तुझ्या बाबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला." तिने चटणीची वाटी पुढे सरकवली. "का रं? कुणाचं काय झालं?"

"काही नाही. एक खेळाडू आहे," मी म्हणालो, आणि जेवून उठलो.

शनिवारी सकाळी दहाला सेमीफायनल होती. आठ वाजता नोकची आई खोलीत येऊन ती तिसरी रॅकेट घेऊन गेली होती. मी कोर्टाच्या जाळीदार फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे येमूल सर कागदांची फाइल छातीशी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि भुवया किंचित उचलल्या.

नोक आली. केस घट्ट बांधलेले, डाव्या खांद्यावर बॅग. वाकून तिने फाटकाच्या उंबऱ्याला बोटे लावली, मग कपाळाला. आमच्याकडचे पोरगे आखाड्यात उतरताना करते, तसेच. आई दोन पावले मागे होती. नोक माझ्यासमोरून गेली, "गुड मॉर्निंग, पी" म्हणाली आणि आत शिरली. पाच-सहा पावले गेली असेल.

"सोमजाय!" मी हाक मारली.

ती वळली.

जे मला दिसले ते मी त्या वेळी वाचू शकलो नाही. आधी ती हसली. ओळखीच्या माणसाकडे पाहून हसतात तसे नव्हे. शाळा सुटताना फाटकात कुणीतरी दिसावे आणि लहान मुलाचा सगळा चेहरा उघडावा, तसे. ते हसू माझ्या खांद्यावरून मागे गेले, तिथे कुणाला तरी शोधत राहिले. तिथे कुणी नव्हते. मग ते परत येऊन माझ्यापाशी थांबले आणि विझले.

माझ्या बाजूला थर्मासचे झाकण फरशीवर आपटले आणि गोल गोल फिरत राहिले. तिची आई आपल्या भाषेत काहीतरी भरभर बोलत फाटकातून आत धावली. तिने मुलीचे मनगट धरले, तिला बाहेर ओढू लागली. पुन्हा बाहेर ये आणि पुन्हा आत जा, असे ती सांगत असावी. खुर्चीवरचे पंच खाली उतरले, त्यांनी घड्याळ दाखवले, आईला नम्रपणे बाहेर काढले. नोक तशीच उभी होती.

"वळली," येमूल सर जवळ येऊन माझ्या कानाशी म्हणाले. "बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो.

पहिला सेट ती सहा-दोन असा हरली. दुसरा जिंकली, सहा-चार. अंगातले काहीतरी पिळून काढावे तशी जिंकली. तिसऱ्यात ती पाच-चार अशी पुढे होती आणि सर्व्हिस तिची होती. मॅचपॉइंट आला. ती रेषेपाशी गेली, चेंडू तीनदा आपटला आणि मग मान वळवून मागे पाहिले. मागे हिरवे कापड होते आणि त्यावर उन्हात तिची स्वतःची सावली. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसऱ्या सर्व्हिसआधी तिने पुन्हा मागे पाहिले. चेंडू रेषेबाहेर वीतभर पडला. त्यानंतर दर गुणाआधी ती मागे पाहू लागली. तिसरा सेट सात-पाच असा तिच्या रशियन प्रतिस्पर्ध्याला गेला.

मी रेफ्रींना काही सांगितले नाही. येमूल सर बारा वाजता स्वतःच आले, स्टुलावर बसले नाहीत.

"रेफ्रीशी बोललो," ते फाइलचा बंद सोडत-बांधत म्हणाले. "त्याला म्हाईतच होतं की ओ. तिच्या नावाचं सरकारी पत्र पाच वर्षांपासनं त्यांच्याकडं हाय. बंदी न्हाई, वय बरोबर. तिकडं लोक नावं बदलत्यात म्हणं. जुनं लाभत नसलं तर." थोडे थांबून ते म्हणाले, "मला काय म्हाईत बे? आपल्याकडं कोण बदलतंय नाव?"

निखाऱ्याजवळची भाकरी आणि आईच्या ताटातले तांदूळ मला आठवले.

एक वाजता नोक आली. आंघोळ करून आली होती, केस ओले होते. तिने तिसरी रॅकेट टेबलावर ठेवली.

"मिस्टर दिवटे," तिने प्रथमच मला आडनावाने हाक मारली. "तू उजव्या हातानं काम करतोस."

"हो."

"मी डावखुरी. मी ग्रिप उलट बाजूनं गुंडाळते. ही सुलटी आहे. कोर्टावर बॅग उघडली, तेव्हा कळलं."

मोजून घातलेले माझे वेढे तिच्या बोटाखाली होते. संशय मेलेल्या सापासारखा असतो, ठेचल्यावरही वळवळतो. सगळे कळूनही मी विचारले, "सोमजाय कोण?"

"मी." ती ओरडली असती तर सोपे झाले असते. "चौदा वर्षांची होते. बाबा मोटारसायकल चालवत होते, मी मागे. माझं मनगट मोडलं, बाबा गेले. आई विहारात गेली. भिक्खू म्हणाले, बुधवारी जन्मलेल्या मुलीला हे नाव लाभत नाही. आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो, अर्ध्या तासात नवं नाव. शिक्का मारून. माझ्या वर्गात सहा जणींनी बदललं होतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. कुणीही सांगितलं असतं."

"मग लपवलंस का?"

"तुझ्यापासून नाही. आईपासून." तिने दाराकडे पाहिले. "जुन्या नावाचं सगळं तिनं जाळलं. वह्या, बक्षिसं, सगळं. ही रॅकेट बाबांनी घेतलेली. हे अक्षर त्यांचं. तेवढं मी गुंडाळून ठेवलं. बाबा म्हणायचे, तार सैल झाली की रॅकेट झोपते. म्हणून जाईन तिथं, दर तीन-चार दिवसांनी नवं गटिंग."

"खालच्या ओळीत काय लिहिलं आहे?"

"'घाई करू नकोस.'"

बाहेर दुहेरीचा सामना सुरू होत होता. लाऊडस्पीकरवर कुणीतरी नावे वाचत होते.

"आई म्हणते, जुन्या नावानं हाक मारली की जे गेलं ते मागून येतं. माझा विश्वास नाही." ती थांबली. "पण सर्व्हिस करताना मला वाटायचं, मागं वळले तर ते उभे असतील. आणि नाही वळले, तर ते निघून जातील."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू कुणीतरी दुसरीच आहेस."

"तुला कुणी सांगितलं?" तिने एकदम विचारले. "हाक मारायला. त्या रशियन मुलीच्या कोचनं?"

"नाही! कुणीही नाही. मीच—"

"फाटकातच का? त्याच वेळी का? कालही मी इथं होते. खोलीत आपण दोघंच होतो."

माझ्याकडे उत्तर होते, पण ते खरे वाटण्यासारखे नव्हते. आदल्या दिवशी मी त्या रॅकेटकडे ज्या नजरेने पाहिले होते, त्याच नजरेने ती आता माझ्याकडे पाहत होती. वरच्या चेहऱ्याखाली दुसरा चेहरा असणारच, असे धरून.

"कुणीही सांगितलं नाही, नोक. शपथ घेऊन सांगतो."

तिने खांदे उडवले. "आईनं विचारलं, त्याला हे नाव कळलं कसं. मला दाखवावं लागलं. ती म्हणते, हे आता घरी न्यायचं नाही. या देशात कुणीतरी ते नाव घेतलंय, इथंच राहू दे." तिने रॅकेट एका बोटाने माझ्याकडे सरकवली. "तू ठेव."

त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. प्राध्यापकी मिळाली नाही, मामाचे दुकान आता माझे आहे. ती रॅकेट यंत्राच्या वर टांगलेली असते आणि दर डिसेंबरात मी तिच्या तारा कापून नव्या बसवतो, चेंडू न लागलेल्या. त्यानंतर चार वर्षे दर सोमवारी मी जागतिक क्रमवारीची यादी वरपासून खालपर्यंत वाचत असे. त्या यादीत ती दोन्हीपैकी कुठल्याच नावाने पुन्हा वर आली नाही. आईचे माहेरचे नाव मी अजून विचारलेले नाही. हाक मारायचा मोह होईल अशी भीती वाटते.

पण त्या दुपारी मी रॅकेट हातात घेऊन खोलीबाहेर धावलो. फाटकाशी रिक्षा उभी होती. आत तिची आई बसलेली, मांडीवर थर्मास, त्याला झाकण नव्हते. नोक खडीच्या वाटेने चालली होती, डाव्या खांद्यावर हलकी झालेली बॅग. आमच्यात पाच-सहा पावलांचे अंतर होते.

"चानिसरा!" मी हाक मारली. "मी याचं काय करू?"

तिची मान हलली नाही. खडीवरची पावले तशीच, घाई न करता, वाजत गेली. रिक्षापाशी पोहोचल्यावर तिने बॅग आधी आत ठेवली, मग ती बसली.